दोन रकाने

पिदूरकर सरांनी वहीच्या मधोमध उभी रेघ मारायला लावली.
डावीकडे भौतिक बदल, उजवीकडे रासायनिक.
"पुस्तकातलं मेण नको, बर्फ नको.
आपापल्या घरचं आणा."
बर्फ तसाही आमच्याकडे
मंगळवारच्या बाजारातच यायचा, भुशात गुंडाळून,
आणि घरी पोचेस्तोवर पिशवीत नुसता भुसा उरायचा.

पऱ्हाट्या मोडल्या, डावीकडे लिहिलं.
चुलीत घातल्या, उजवीकडे.
तीच काडी,
मधे फक्त एक फुंकर.

पीठ मळलं, डावीकडे.
भाकर फुगली, तिच्या पाठीवर तांबूस डाग उठले,
उजवीकडे.
ताकात मीठ विरलं, डावीकडे.
ताक स्वतः मात्र आदल्या रात्रीच
उजवीकडे निघून गेलं होतं,
दूध होतं तेव्हा, सगळे झोपलेले असताना.

टेकाममामांच्या अंगणात मोहफुलं वाळत होती.
पाणीच तर गेलं त्यातलं, म्हणून डावीकडे.
मागच्या परसात, गोणपाटाखाली,
एक मडकं आपलं आपण बुडबुडत होतं.
"हे नोको लिहू पोरी," मामा म्हणाले,
"सर इचारतीन, कुठं पाह्यलं म्हनून."

दिवेलागणीला आई चुनाभट्टीवरून आली.
बोटांना आधी तेल चोळलं, मग पाणी घेतलं.
भट्टीवरच्या बाया असंच करतात,
उलट केलं की चुना कातडी खातो.
मी विचारलं, चुना कुठं लिहू?

"दगड भाजला का कळी होते," ती म्हणाली.
"कळीवर पानी टाकलं का उकळते.
इस्तो नाही, काही नाही, तरी उकळते.
मंग भितीले लावला,
का हवा खाऊन खाऊन
पुन्हा दगड.
खरडून पाय, निंघते का."

मी खरडून पाहिलं.
नख तुटलं.
(डावीकडे.)

आता घोळ झाला.
सरांनी तर लिहून दिलं होतं,
"रासायनिक बदल परत फिरत नाही."
आणि इथं दगड आगीतून गेला, पाण्यातून गेला,
वारा पीत बसला
आणि दगड होऊनच आमच्या भिंतीवर परतला.
उलट फडताळाखाली फुटून पडलेली माझी बांगडी
कालही काच होती, आजही काचच,
सर तिला खुशाल डावीकडे बसवतील,
पण ती काही परत येणार नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले.
"सर, दगड परत आला."
उरकुड्याचा पोट्टा मागून म्हणाला,
"कोणत्या बसनं?"
सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत.
खिडकीतून भट्ट्यांचा धूर दिसायचा,
तिकडे पाहत राहिले बराच वेळ,
मग फळ्यावरचं आपलंच वाक्य
शर्टाच्या बाहीनं पुसलं.
"परत येतं का, हे नका विचारू," म्हणाले.
"वाटेत ते दुसरंच काही झालं होतं का,
ते विचारा."

घंटा झाली. ज्यानं त्यानं दप्तर उचललं.
कुणी लिहून घेतलं, कुणी नाही.
उरकुड्यानं तर बाहीवरच्या खडूचं चित्र काढलं.

संध्याकाळी आई आली,
रोज येते तशीच, त्याच वाटेनं,
हातात तोच डबा.
मी दारात उभी राहून पाहत होते,
सकाळी गेलेली आणि आत्ता आलेली.
तिनं डोक्याचं फडकं सोडून झटकलं.
पांढरं बरंच खाली पडलं.
सगळं नाही.

"काय पाहून रायली अशी?
चूल पेटव."

मी पऱ्हाटी मोडली.